वयाचा दाखला

२६ मार्च १९७२ची रात्र, देसाईगंजचं पोलीस ठाणं. हे गाव आज गडचिरोली जिल्ह्यात आहे, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. एका मजुराने तक्रार दिली होती की आपल्या बहिणीला पळवून नेलं आहे. बहीण, तिला ज्याच्याशी लग्न करायचं होतं तो मुलगा आणि त्याच्या घरचे, अशा सगळ्यांना ठाण्यात आणलं होतं. हेडकॉन्स्टेबलने जबाब लिहून घेतले. साडेदहाच्या सुमारास तो घरी निघाला आणि जाताना भावाला सांगून गेला, हिच्या जन्माच्या नोंदीची नक्कल आणून दे.

मंडळी बाहेर पडू लागली तेव्हा ठाण्यातल्या दोन पोलिसांनी तिला मागे थांबवलं आणि बाकीच्यांना बाहेर काढलं. दिवे मालवले गेले, दार लागलं. ती बाहेर आल्यावर तिने जे सांगितलं ते ऐकून जमाव खवळला, ठाणं पेटवून देण्याची भाषा करू लागला. तेव्हा कुठे तिची तक्रार लिहून घेतली गेली.

या प्रकरणावर लिहिणारे बहुतेक जण त्या बंद दारापाशी थांबतात. माझं मन मात्र त्या नकलेभोवती घुटमळतं. ती नक्कल कशाला हवी होती? मुलगी अठराच्या आतली असेल तर तिला पालकाच्या ताब्यातून नेणं हा गुन्हा, तिची मर्जी असो वा नसो. म्हणजे प्रश्न भावाच्या ताब्याचा होता, घराच्या अब्रूचा होता, तोवर सरकारदरबारी ती अल्पवयीन होती. साडेदहानंतर ती अल्पवयीन असल्याचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. त्या ठाण्यात नाही आणि पुढे न्यायालयातही नाही.

या पुस्तकातले लेख मुलांबरोबर काम करणाऱ्यांनी लिहिले आहेत. त्यांत समुपदेशक आहेत, वकील आहेत, शिक्षिका आहेत, एक अंगणवाडी सेविकाही आहे. प्रस्तावना लिहायला त्यांनी मला सांगितलं तेव्हा विषय असा दिला होता: जात, वंश आणि बाईपण हे तिन्ही एकाच मुलीच्या वाट्याला येतात तेव्हा तिच्यावरच्या लैंगिक अत्याचाराचं काय होतं. या विषयावर व्याख्यानं झोडता येतात, आणि मीही ती झोडली आहेत. पण माझ्यापुरता तो विषय एका साध्या प्रश्नापाशी येऊन थांबतो. मूल कोणाला म्हणायचं? आणि हे ठरवतं कोण?

देसाईगंजच्या त्या मुलीचं नाव मी इथे लिहिणार नाही. चळवळीत, कायद्याच्या वर्गात, परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेतही ते प्रकरण तिच्याच नावाने ओळखलं जातं. पीडितेचं नाव छापू नये ही तरतूद आपल्या कायद्यात आली १९८३ साली, तिच्याच प्रकरणातून उठलेल्या आंदोलनामुळे. तिला स्वतःला त्या तरतुदीचा उपयोग झाला नाही. निदान इथे तरी तो व्हावा.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात तिची ओळख दोन-तीन वाक्यांत उरकली आहे. आईवडील लहानपणीच वारले, भावाकडे राहते, दोघंही मजुरी करून पोट भरतात. ती आदिवासी होती. त्या गोष्टीचा निकालावर काय परिणाम झाला असेल याची चर्चा तिथे नाही. पण जी मुलगी आदिवासी आहे, पोरकी आहे, मजूर आहे, तिच्याबद्दल न्यायालयाने काय गृहीत धरलं ते निकालाच्या तर्कात जागोजागी दिसतं.

डॉक्टरने दुसऱ्या दिवशी तिचं वय चौदा ते सोळाच्या दरम्यान सांगितलं होतं. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे सोळाच्या आतल्या मुलीच्या बाबतीत संमतीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. चंद्रपूरच्या सत्र न्यायाधीशांनी १ जून १९७४ रोजी निकाल दिला: ती सोळाच्या आतली असल्याचा समाधानकारक पुरावा नाही. एवढं एक वाक्य झालं आणि ती बाई झाली. मग बाईला जे विचारतात ते सगळं तिला विचारलं गेलं. तिला शरीरसंबंधांची सवय होती, ती खोटारडी आहे, त्या मुलासमोर सोज्वळ दिसावं म्हणून तिने हे रचलं, असं म्हणत दोघांना सोडून दिलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी तो निकाल फिरवला. मुकाट्याने सोसणं म्हणजे संमती नव्हे, अपरात्री ठाण्यात अडकलेली मुलगी अनोळखी पोलिसांना काय विरोध करणार, असं म्हणून एकाला पाच वर्षांची आणि दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा दिली. माझ्या मते त्या सगळ्या प्रवासात त्या रात्रीचं ठाणं डोळ्यांपुढे आणून पाहिलं ते एवढ्या एकाच न्यायालयाने. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर १९७८ला ती शिक्षाही रद्द केली. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, म्हणजे तिने प्रतिकार केला नव्हता, म्हणजे जे घडलं ते बिनविरोध घडलं.

जखमा नाहीत म्हणजे विरोध नाही, हा तर्क फार जुना आहे, आणि त्याला जातीचा आणि वंशाचा वास आहे. वसाहतकाळात इंग्रज डॉक्टरांनी हिंदुस्थानासाठी न्यायवैद्यकाचे ग्रंथ लिहिले. इथले लोक खोट्या तक्रारी करण्यात पटाईत असतात, तेव्हा तोंडच्या शब्दावर विसंबू नये, शरीरावरची खूण शोधावी, अशी शिकवण त्यांत होती. राज्य गेलं तरी ती शिकवण पाठ्यपुस्तकांत मुक्कामाला राहिली. त्यात आपल्याकडची भर पडली ती अशी, की कष्टकरी बाईच्या अंगात बळ असतं, ती सहजासहजी कोणाच्या हाती लागायची नाही. घरंदाज बाई नाजूक, ती घाबरून गर्भगळीत होईल. म्हणजे जखमा नसल्या तर एकीच्या बाबतीत ती भीती आणि दुसरीच्या बाबतीत राजीखुशी. गोऱ्या साहेबाचा संशय आणि गावातल्या पाटलाचा समज, दोन्ही त्या एका मुलीच्या अंगावर येऊन पडले.

हे सगळं इतिहासजमा झालं असं कोणाला वाटत असेल तर एक प्रसंग सांगते. ठिकाण आणि साल मुद्दामच सांगत नाही. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालच्या खटल्यात मुलीच्या सोबतीला मदतनीस व्यक्ती बसू शकते, तशी मी बसले होते. मुलगी कापसाच्या पट्ट्यातली. आरोपीच्या वकिलाला थेट मुलीला प्रश्न विचारता येत नाही, तो न्यायाधीशांमार्फत विचारावा लागतो. त्याने प्रश्न दिला: दिवसाला किती किलो कापूस वेचतेस? न्यायाधीशांनी तो तसाच पुढे केला. त्या दिवसभरात पहिल्यांदा मुलीची मान वर झाली. तिला वाटलं, इथे कोणीतरी आपल्या कामाबद्दल विचारतंय. ती म्हणाली, पंचवीस. आणि मग, आईपेक्षा थोडाच कमी. वकिलाने खाली पाहून काहीतरी लिहून घेतलं. त्याला हवं होतं ते मिळालं होतं. पंचवीस किलो वेचणारी पोर ही पोर कसली?

मुलीच्या अभिमानाचा असा पुरावा होताना मी तरी तो एकदाच पाहिला, पण एकदा पाहिला की पुरतो.

आता शब्दांविषयी थोडं. इंग्रजीतल्या लिखाणात या प्रश्नाला वंशवाद आणि लिंगभेद यांचा छेद म्हणतात. आपण वंशवाद हा शब्द आपल्याकडे लावावा का, यावर भांडणं झाली आहेत. जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली जातिसंस्थेच्या निर्मूलनावरच्या भाषणात सविस्तर मांडलं होतं. २००१ साली डर्बनला वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली तेव्हा जातीचा प्रश्न तिथे यावा म्हणून दलित संघटना झगडत होत्या आणि भारत सरकार नको म्हणत होतं. माझ्यापुरतं मी हे भांडण मिटवलं आहे. जात आणि वंश एक नाहीत, पण ज्या मुलीवर दोघांपैकी काहीही येऊन आदळतं तिच्या बाबतीत त्यांची कामाची रीत सारखीच असते. आणि हे नातं मराठी माणसाला परकं नाही. देसाईगंज घडलं त्याच १९७२ साली मुंबईत तरुणांनी दलित पँथर काढली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊनच.

अमेरिकेत या रीतीला नाव मिळालं आणि तिची मोजदादही झाली. किंबर्ले क्रेनशॉ या कृष्णवर्णीय कायदेपंडित बाईंनी १९८९ साली चौकाची उपमा दिली. चार रस्त्यांवरून गाड्या येतात, मधोमध उभ्या असलेल्या बाईला धडक बसते, आणि पंचनामा करणारा विचारतो, बोला, कोणत्या रस्त्यावरच्या गाडीने? नेमकं सांगता येत नसेल तर अपघात झालाच नाही. २०१७ साली जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या कायदा महाविद्यालयातून एक अभ्यास बाहेर आला. ३२५ प्रौढ माणसांना मुलींबद्दल प्रश्न विचारले होते. त्याच वयाच्या गोऱ्या मुलींच्या तुलनेत काळ्या मुलींना कमी माया लागते, कमी जपावं लागतं, त्यांना मोठ्यांच्या गोष्टी आणि शरीरसंबंधांबद्दलही जास्त कळतं, असं लोकांना वाटत होतं. हा फरक सुरू होत होता पाचव्या वर्षापासून. पाच वर्षांची पोर! आपल्याकडे कोणी असं मोजलेलं माझ्या वाचनात नाही. पण आश्रमशाळेत एक दिवस जरी काढला तरी कानावर पडतं की ‘ह्यांच्यात’ मुली लवकर ‘तयार’ होतात. बोलणारी माणसं दुष्ट असतात असंही नाही. त्यांतल्या काही तर मुलींच्या वेण्या घालता घालता हे बोलतात.

तराना बर्क यांनी २००६ मध्ये ‘मी टू’ हे दोन शब्द वापरायला सुरुवात केली ती कृष्णवर्णीय मुलींबरोबर काम करताना, त्यांच्यासाठी. जगाने ते ऐकले अकरा वर्षांनी, एका गोऱ्या नटीच्या तोंडून. आर. केली या गायकाविरुद्ध काळ्या मुलींच्या तक्रारी नव्वदच्या दशकापासून होत्या. २००८ साली शिकागोच्या न्यायालयात तो सुटला. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं २०२१मध्ये. मधली वर्षं कोणाच्या बालपणातून गेली, हे त्या मुलीच जाणोत.

परत आपल्याकडे येऊ. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर वर्षभराने, १६ सप्टेंबर १९७९ रोजी, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यांनी जे विचारलं ते आज सोपं वाटतं: मुकाट्याने सोसणं आणि संमती यांत फरक नाही का? तिचं वय, तिचं दारिद्र्य, रात्रीची वेळ, ठाणं, हे काहीच का मोजलं नाही? मुंबईत बायकांनी बलात्काराविरुद्ध मंच स्थापला, ८ मार्च १९८०ला ठिकठिकाणी मोर्चे निघाले. १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीतला बलात्कार हा वेगळा, जास्त शिक्षेचा गुन्हा झाला, आणि अशा वेळी बाईने संमती नव्हती असं सांगितलं तर न्यायालयाने ते गृहीत धरावं असं ठरलं.

काय बदललं नाही तेही पाहायला हवं. फिर्यादी बाईच्या ‘चारित्र्या’वर बोट ठेवायची मुभा पुरावा कायद्यात पुढची वीस वर्षं शाबूत राहिली. देसाईगंजच्या मुलीवरही केलेली, शरीरसंबंधांची ‘सवय’ शोधणारी अपमानास्पद दोन बोटांची चाचणी आणखी टिकली. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० साली त्या चाचणीतल्या अशास्त्रीयपणावर अहवाल लिहिला आणि प्रकरण नागपूर खंडपीठापुढे गेलं. देसाईगंजच्या मुलीच्या बाजूने आणि विरुद्ध निकाल देणाऱ्या त्याच विदर्भातून ही दुरुस्ती सुरू व्हावी, यात मला थोडं समाधान आहे. सर्वोच्च न्यायालयाने या चाचणीला गैरवर्तन म्हटलं ते २०२२मध्ये.

आणि चळवळीचं काय? तिने ‘बाई’साठी कायदा बदलून घेतला. पण ती मुलगी आदिवासी होती आणि ती मूल होती, या दोन्ही गोष्टी घोषणांच्या गर्दीत मागे पडल्या. मी त्या काळातल्या मैत्रिणींना दोष देत नाही, त्यांच्यामुळेच आम्हाला काम करायला जमीन मिळाली. पण गोपाळ गुरूंनी १९९५ साली दलित स्त्रिया वेगळं बोलतात असं लिहिलं आणि मग पुण्यात शर्मिला रेगे यांनी त्या वादाला पुढे नेलं, तेव्हा आमच्यातल्या कित्येकींना ते झोंबलं होतं. झोंबायलाच हवं होतं.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा. एका दलित कुटुंबातल्या मारल्या गेलेल्या चौघांत सतरा वर्षांची मुलगी होती. लैंगिक अत्याचाराचा भाग न्यायालयात सिद्ध झाला नाही, ॲट्रॉसिटीचा कायदाही लागला नाही. जमिनीच्या आणि सूडाच्या भांडणात ती मुलगी ‘कुटुंबातली एक’ एवढीच उरली. वृत्तपत्रांत तिचं वय यायचं, पण तिच्या वयामुळे काही वेगळं व्हायला हवं होतं असं म्हणणारे आम्ही मूठभरच होतो.

कायद्याची भाषाही या चौकात गोंधळते. ॲट्रॉसिटी कायद्यात पूर्वी अट होती की पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे ‘या कारणावरून’ गुन्हा केलेला असावा. आता आरोपीने मनात काय धरलं होतं हे त्या मुलीने कुठून आणून सिद्ध करायचं? २०१५ची दुरुस्ती झाली आणि ‘माहीत असून’ एवढं पुरेसं ठरलं. एप्रिल २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आंध्रातल्या एका जन्मांध दलित तरुणीचं प्रकरण आलं. न्यायालयाने जात, लिंग आणि अपंगत्व एकत्र आल्यावर काय होतं यावर पानंच्या पानं लिहिली, क्रेनशॉ यांचा उल्लेख केला, बलात्काराची जन्मठेप कायम केली. आणि ॲट्रॉसिटीखालची शिक्षा रद्द केली, कारण घटना दुरुस्तीच्या आधीची होती आणि ‘या कारणावरून’चा पुरावा नव्हता. मी तो निकाल दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंदाने.

पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ला लागू झाला आणि अठराच्या आतलं प्रत्येक मूल हे मूल ठरलं. चांगला कायदा आहे. गुन्हा करणाऱ्या माणसाच्या हुद्द्याची तो दखल घेतो: पोलीस असेल, शाळेतला कर्मचारी असेल, वसतिगृहाचा असेल तर शिक्षा जास्त. २०१६ साली बुलढाणा जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेतल्या आदिवासी मुलींची तक्रार उघड झाली तेव्हा हीच कलमं उपयोगी पडणार होती. पण कायद्याच्या पोटात देसाईगंजची ती नक्कल अजून जिवंत आहे. आमच्याकडे येणाऱ्या प्रकरणांत एक मोठा गठ्ठा असा असतो: सोळा-सतरा वर्षांची मुलगी, दुसऱ्या जातीचा मुलगा, दोघं पळून गेलेली, आणि बाप जन्मदाखला घेऊन ठाण्यात. तिथे मुलीचं वय एक दिवसही मागे-पुढे होत नाही. हाच बाप, हेच ठाणं, मुलगी शेतमालकाच्या पोराबद्दल तक्रार करायला आली तर? मग तिची हाडं तपासायला पाठवतात.

हाडांची तपासणी म्हणजे मनगट, कोपर, खुबा यांचे एक्स-रे. त्यातून वय अंदाजाने कळतं आणि दोन वर्षं इकडे-तिकडे होऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२मध्येच मान्य केलं आहे. शाळेचा दाखला असेल तर आधी तो धरायचा, नसेल तर ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची नोंद, आणि काहीच नसेल तरच हाडं. हे नियमात स्वच्छ लिहिलं आहे. पण शाळेच्या दाखल्यावर तारीख कोणती असते? ज्या घरात जन्माची नोंद कोणी केली नाही त्या घरच्या पोराला गुरुजी पहिलीत घालताना १ जून लावतात. महाराष्ट्रात हे कोणालाही समजावून सांगायला नको. वस्तीवरच्या शाळेचं हजेरीपत्रक उघडलं तर अर्ध्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी असतो. वाडीतल्या, तांड्यावरच्या, पारध्यांच्या बेड्यावरच्या मुलांच्या बालपणाचा पुरावा हा असा, मास्तरांच्या अंदाजाने लिहिलेला. शहरातल्या सोसायटीतल्या मुलीचं वय इस्पितळाच्या कागदावर तास-मिनिटांसह असतं. तिला आपण मूल आहोत हे कधी सिद्ध करावं लागत नाही.

या पुस्तकातल्या लेखांतून याच गोष्टी वेगवेगळ्या बाजूंनी येतील. एका लेखाशी माझं जमलं नाही आणि ते मी लेखिकेला सांगितलं आहे. तिला वाटतं शिक्षा वाढवल्या की प्रश्न सुटेल. मला वाटतं आधी वय मोजणारी नजर बदलायला हवी. तिने लेख बदलला नाही, तेही बरंच झालं. शिक्षिकेच्या लेखातला वेण्यांचा प्रसंग मी वर उसना घेतला आहे, तो मुळात वाचावा.

आणि ती कापूस वेचणारी मुलगी. तिच्या दाखल्यावरही १ जूनच होता. वकिलाने त्यावर आक्षेप घेतला, दाखल्याला आधार काय म्हणून विचारलं, आणि तिला जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवलं. एक्स-रेच्या थंड पाटीवर तिने तळहात ठेवला तो बोटं नीट पसरून, मेंदी काढून घ्यायला ठेवावा तसा. अहवाल आला: सोळा ते सतरा. वकिलाने त्यात दोन वर्षं मिळवली आणि आपल्या अशिलाला संशयाचा फायदा मागितला.

परतताना एसटीत ती बराच वेळ गप्प होती. मग तिने दप्तरातून दहावीच्या परीक्षेचा फॉर्म काढला, वयाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, ताई, मग इथे आता किती लिहू?